अठ्ठावीस वर्षांत चार तास



स्मरणिकेसाठी विषयाचं बंधन नाही असं संपादक मंडळाने कळवलं, त्याचा मी जरा जास्तच फायदा घेते आहे. शाळेच्या आठवणी माझ्यापेक्षा रंगवून सांगणारे आपल्या बॅचमध्ये भरपूर आहेत. मी लिहिणार आहे ते मातीची माणसं घडवून त्यांचे चित्रपट करणाऱ्या मेलबर्नच्या एका कलावंताबद्दल. त्याचं नाव अ‍ॅडम एलियट. मी गेली बरीच वर्षं याच शहराच्या पूर्वेकडच्या उपनगरात राहते आणि सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते. चित्रपट हा माझा अभ्यासाचा विषय नाही. पण आपण दहावीची परीक्षा दिली ते १९९६ साल, आणि त्याच वर्षी एलियटने आपला पहिला चित्रपट केला. म्हणजे शाळा सुटल्यानंतरचं आपलं आयुष्य आणि त्याची कारकीर्द यांची लांबी अगदी सारखी आहे. त्याने या काळाचं काय केलं, हे पाहण्यासारखं आहे.

आधी थोडं मातीविषयी. शाळेत शाडूचे गणपती करताना माती सुकली की सोंडेला तडा जायचा, हे सगळ्यांना आठवत असेल. हीच अडचण इंग्लंडमधल्या बाथ शहरातले कलाशिक्षक विल्यम हार्बट यांना त्यांच्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत येत होती. त्यांनी १८९७ साली न वाळणारी, तेलकट, पुन्हा पुन्हा मळता येणारी माती तयार केली. तिचं नाव प्लॅस्टिसिन. एका शिक्षकाने वर्गातल्या गरजेपोटी केलेली ही वस्तू पुढे सिनेमावाल्यांच्या हाती लागली. मातीचा बाहुला उभा करायचा, एक फोटो घ्यायचा, त्याचा हात केसभर हलवायचा, दुसरा फोटो घ्यायचा. असे फोटो सेकंदाला २४ या वेगाने दाखवले की बाहुला हालचाल करू लागतो. यालाच स्टॉप-मोशन म्हणतात आणि बाहुले मातीचे असले की क्ले अ‍ॅनिमेशन. आपल्याकडे ‘तारे जमीं पर’च्या सुरुवातीच्या श्रेयनामावलीत धीमंत व्यास यांनी केलेलं मातीचं अ‍ॅनिमेशन अनेकांनी पाहिलं असेल. तेच हे तंत्र.

तंत्र सोपं आहे, पण त्यावर पोट भरणं अवघड. या कलेचा इतिहास पाहिला तर जवळजवळ प्रत्येकाला एकच प्रश्न पडलेला दिसतो, की इतक्या सावकाश होणाऱ्या कामाला पैसे कोण देणार? अमेरिकेत आर्ट क्लोकीने १९५०च्या दशकात ‘गम्बी’ हा हिरवा मातीचा मुलगा घडवला आणि टेलिव्हिजनचा आधार घेतला. इंग्लंडमध्ये पीटर लॉर्ड आणि डेव्हिड स्प्रॉक्स्टन या शाळेपासूनच्या दोन मित्रांनी १९७२ साली आर्डमन सुरू केलं. निक पार्क पुढे त्यांना येऊन मिळाला, ‘वॉलेस अँड ग्रोमिट’ जगभर गेलं, आणि २०१८ साली संस्थापकांनी कंपनीची बहुतांश मालकी कर्मचाऱ्यांच्या ट्रस्टकडे सोपवली. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या विल विंटनची गोष्ट मात्र वेगळी आहे. बॉब गार्डिनरबरोबर केलेल्या त्याच्या ‘क्लोज्ड मंडेज’ला १९७५ साली ऑस्कर मिळालं. ‘क्लेमेशन’ हा शब्द त्याच्याच नावावर नोंदलेला. जाहिरातींच्या जोरावर त्याचा स्टुडिओ मोठा झाला. मोठा झाला म्हणून भांडवल लागलं, आणि ते नाइकी कंपनीच्या फिल नाइटने दिलं. शेवटी २००० नंतरच्या दोन-तीन वर्षांतच विंटन स्वतःच्या स्टुडिओतून बाहेर पडला होता. त्या जागी २००५ साली ‘लाइका’ नावाची कंपनी उभी राहिली. कंपन्यांचं अधिग्रहण काय असतं, हे आयटीतल्या आपल्या मंडळींना वेगळं सांगायला नको.

आता एलियट. त्याचा जन्म १९७२चा, मेलबर्नजवळच्या बेरविकचा. वडील एके काळी सर्कशीतल्या कसरती करणारे विदूषक होते आणि आई केशभूषा करायची. वडिलांनी दूर आडरानात कोळंबीची शेती सुरू केली होती. ती बुडाल्यावर कुटुंब मेलबर्नच्या माउंट वेव्हर्ली या उपनगरात आलं आणि वडिलांनी हार्डवेअरचं दुकान काढलं. मुलाला व्हायचं होतं प्राण्यांचा डॉक्टर, पण गुण कमी पडले. मग पाच वर्षं त्याने सेंट किल्डाच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या आठवडी बाजारात हाताने रंगवलेले टी-शर्ट विकले. गुण कमी पडल्यावर घरात काय वातावरण असतं आणि ‘आता पुढे काय?’ हा प्रश्न किती जण विचारतात, ते आपल्याला ठाऊक आहे. टी-शर्टची ही पाच वर्षं कोणाच्याही बायोडेटात पोकळीच वाटली असती.

त्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. त्याला हात थरथरण्याचा आनुवंशिक त्रास आहे. केसभर हालचाल मोजून करायची अशा कामासाठी याहून गैरसोयीची गोष्ट शोधूनही सापडणार नाही.

१९९६ साली त्याला व्हिक्टोरियन कॉलेज ऑफ द आर्ट्समध्ये अ‍ॅनिमेशनच्या पदव्युत्तर पदविकेला प्रवेश मिळाला. ‘अंकल’ हा त्याचा विद्यार्थिदशेतला चित्रपट. तो आधी कागदावर रेखाटून करायचा बेत होता, पण तिथल्या शिक्षकांनी त्याला मातीत करून बघायला सांगितलं. या एका सूचनेने पुढची सगळी वर्षं ठरली. ‘अंकल’ सहा मिनिटांचा आहे. त्यानंतर ‘कझिन’ (१९९८) चार मिनिटांचा आणि ‘ब्रदर’ (१९९९) आठ मिनिटांचा. तिन्ही कृष्णधवल. पडद्यावर एक काका, एक चुलतभाऊ, एक सख्खा भाऊ, आणि अभिनेता विल्यम मॅकिनेसच्या शांत आवाजात त्यांची हकिगत. पात्रं जवळपास हलतच नाहीत. समोर बघत उभी राहतात, डोळे मिचकावतात, क्वचित मान वळवतात.

इंजिनिअर म्हणून मला इथे दाद द्यावीशी वाटते. पैसा नाही, माणसं नाहीत, हात स्थिर नाही. अशा वेळी ज्या गोष्टीत आपण कमी पडू ती करायचीच नाही, असा त्याने डावच मांडला. गोष्ट आवाजाने सांगायची, भाव डोळ्यांनी दाखवायचा आणि हालचाल अगदी लागेल तेवढीच ठेवायची. बाहुल्यांच्या रेषा वाकड्यातिकड्या, कडा ओबडधोबड, वस्तू जरा कललेल्या. हाताची थरथर लपवण्याऐवजी त्याने ती शैलीतच मुरवली. आज त्याची कुठलीही चौकट पाहिली की ती त्याचीच आहे हे न सांगता कळतं. आपल्या चित्रपटांना त्याने नाव दिलं ‘क्लेऑग्राफी’, म्हणजे माती आणि चरित्र यांची जोड. मराठीत मी ‘मातीचरित्र’ म्हणेन.

तिसऱ्या चित्रपटानंतर चार वर्षांनी आला ‘हार्वी क्रम्पेट’ (२००३). त्यात निवेदन जेफ्री रशचं होतं. पोलंडमध्ये १९२२ साली जन्मलेला, टुरेट सिंड्रोम असलेला हार्वी युद्धामुळे निर्वासित होऊन ऑस्ट्रेलियात येतो. लहानपणी आईने त्याला जगाविषयीच्या बारीकसारीक माहितीची सवय लावलेली असते, म्हणून तो गळ्यात एक वही अडकवून ती माहिती टिपत राहतो. त्याच्यावर वीज पडते, त्याला कर्करोग होतो, एका परिचारिकेशी त्याचं लग्न होतं, थॅलिडोमाइड या औषधामुळे हातांविना जन्मलेली मुलगी तो दत्तक घेतो आणि म्हातारपणी स्मृतिभ्रंशाने सगळं विसरू लागतो. २३ मिनिटांत एक अख्खं आयुष्य, आणि तेही रडकं न होता.

२९ फेब्रुवारी २००४ रोजी या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेटेड लघुपटाचं ऑस्कर मिळालं. त्या वर्षीच्या नामांकनांत पिक्सारचा ‘बाउंडिन’ होता आणि साल्व्हादोर दालीच्या जुन्या कल्पनेवरून डिस्नेने पूर्ण केलेला ‘डेस्टिनो’ही होता. म्हणजे जगातल्या सर्वांत श्रीमंत अ‍ॅनिमेशन कंपन्यांसमोर मेलबर्नचा हा माणूस जिंकला. पण इतिहास म्हणून लिहायचं तर पैसा कुठून आला हेही लिहायला हवं. तो आला ऑस्ट्रेलियाच्या सार्वजनिक संस्थांमधून, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट आयोग, व्हिक्टोरिया राज्याची चित्रपट संस्था आणि एसबीएस ही सार्वजनिक वाहिनी. एलियटला आपण स्वतंत्र चित्रकर्ता म्हणतो तेव्हा त्या स्वातंत्र्याखाली करदात्यांच्या पैशाचा पाया आहे. आता मीही इथे कर भरते. तो पैसा अशा एखाद्या वाकड्यातिकड्या बाहुल्यावर खर्च होतो, याचं मला बरंच वाटतं.

ऑस्करनंतर तो मेलबर्नमध्येच राहिला आणि पाच वर्षांनी पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट घेऊन आला. ‘मेरी अँड मॅक्स’ (२००९). मेरी ही १९७६ सालची आठ वर्षांची एकटी मुलगी राहते माउंट वेव्हर्लीत, एलियट जिथे वाढला तिथेच. टेलिफोन डिरेक्टरीतून एक नाव उचलून ती न्यूयॉर्कला पत्र पाठवते. ते पोहोचतं मॅक्स या ४४ वर्षांच्या, अ‍ॅस्पर्जर सिंड्रोम असलेल्या, लठ्ठ, घाबरट माणसाकडे. पुढे अनेक वर्षं पत्रं चालू राहतात. ही कल्पना हवेतून आलेली नाही. न्यूयॉर्कमधल्या अशाच एका मित्राशी एलियटचा वीस वर्षांहून जास्त काळ पत्रव्यवहार होता. चित्रपटात मेरीचं जग तपकिरी आहे आणि मॅक्सचं करडं. तपकिरी माउंट वेव्हर्ली पाहून मला गंमत वाटली, कारण आज त्याच भागात मराठी बोलणारी कितीतरी घरं आहेत आणि तिथलं वाणसामानाचं दुकान भडक रंगांनी भरलेलं असतं.

या चित्रपटातला एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मेरी मोठी होते, मानसशास्त्र शिकते आणि मॅक्सच्या स्थितीवर, ती बरी कशी करता येईल यावर पुस्तक लिहिते. तिला वाटतं, मॅक्स खूश होईल. मॅक्स संतापतो. त्याला बरं व्हायचंच नसतं. त्याच्या दृष्टीने तो जसा आहे तसाच तो आहे. शब्दांत उत्तर देण्याऐवजी तो आपल्या टंकलेखन यंत्रावरची ‘एम’ अक्षराची कळ उपटून तिला पोस्टाने पाठवतो. दोघांचीही नावं याच अक्षरापासून सुरू होतात. ती कळ आली की मेरीला आणि आपल्यालाही कळतं की आता पत्र येणार नाही. वर्गात काही मुलं अशी असतात, की त्यांना एक टोपणनाव पडतं आणि पुढची दहा वर्षं त्यांची ओळख त्या नावाच्या पलीकडे जातच नाही. एलियटचे सगळे चित्रपट त्या मुलांचे आहेत. तो त्यांची कीव करत नाही आणि त्यांना सुधारतही नाही. त्यांचं ऐकून घेतो.

‘मेरी अँड मॅक्स’साठी १३३ सेट, २१२ बाहुले आणि ४७५ छोट्या वस्तू तयार केल्या होत्या. त्यात खरोखर चालणारं इटुकलं टाइपरायटरही होतं आणि ते घडवायलाच नऊ आठवडे लागले. चित्रीकरण ५७ आठवडे चाललं. चित्रपट ९२ मिनिटांचा, म्हणजे सगळ्या चमूचं मिळून आठवड्याचं काम सरासरी दीड मिनिटाच्या थोडं वर. जानेवारी २००९मध्ये तो सनडान्स महोत्सवाचा उद्घाटनाचा चित्रपट ठरला. तो मान मिळवणारा तो पहिला अ‍ॅनिमेशनपट. जूनमध्ये फ्रान्सच्या आन्सी महोत्सवात त्याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला, आणि तो विभागून मिळाला ‘कोरलाइन’बरोबर. ‘कोरलाइन’ कोणाचा? विंटनच्या जागी उभ्या राहिलेल्या त्याच लाइकाचा. एकीकडे मोठ्या भांडवलाचा स्टुडिओ, दुसरीकडे सुमारे ८२ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये चित्रपट करणारा एलियट, आणि परीक्षकांच्या लेखी दोघे बरोबरीचे.

तिकीट खिडकीवर मात्र बरोबरी झाली नाही. जगभरातली कमाई वीस लाख अमेरिकन डॉलरच्याही खाली राहिली. प्रौढांसाठीचा, एकटेपणावरचा मातीचा चित्रपट कुठल्या फलकाखाली विकायचा हे वितरकांना समजत नाही. मुलांचा म्हणावा तर मुलं बिचकतात, मोठ्यांचा म्हणावा तर ते मातीचे बाहुले बघून मुलांना पाठवतात. पुरस्कारांनी कपाट भरतं, पण त्याने पुढच्या चित्रपटाचे पैसे उभे राहत नाहीत. दुसरा पूर्ण लांबीचा चित्रपट यायला १५ वर्षं लागली. मधल्या काळात, २०१५ साली, त्याने छोटा चमू घेऊन ‘अर्नी बिस्किट’ हा कर्णबधिर पॅरिसवासी पेंढाभऱ्याचा वीस मिनिटांचा कृष्णधवल लघुपट केला. जगप्रसिद्ध झाल्यावर पुन्हा कृष्णधवल लघुपटाकडे जायला एक वेगळाच पीळ लागतो.

‘मेमॉयर ऑफ अ स्नेल’ २०२४ साली आला. वडील गेल्यावर मागे राहिलेल्या त्यांच्या साठवणीतून हा विषय एलियटला सुचला. ग्रेस ही ताटातूट झालेल्या जुळ्या भावाची आठवण काढत गोगलगायी आणि नाना वस्तू साठवत जाते, इतक्या की घरात तिला स्वतःला जागा उरत नाही. खर्च सुमारे ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे पंधरा वर्षांपूर्वीच्या चित्रपटापेक्षाही कमी. लेखनापासून पडद्यापर्यंत आठ वर्षं. सुमारे सात हजार वस्तू हाताने घडवलेल्या, आणि संगणकाने तयार केलेलं एकही दृश्य नाही. आग हवी तिथे पिवळा सेलोफेन कागद.

त्यासाठी सुमारे १,३५,००० फोटो घेतले असं वाचलं तेव्हा मी सवयीने गणित करून पाहिलं. ९४ मिनिटं गुणिले ६० सेकंद गुणिले २४ चौकटी, उत्तर १,३५,३६०. हिशोब जुळला. म्हणजे पडद्यावरून जाणारी प्रत्येक चौकट कोणीतरी वाकून, हात लावून, बाजूला होऊन टिपलेली आहे. श्रेयनामावलीच्या शेवटी हा चित्रपट माणसांनी केला आहे अशी नोंदही येते. माझ्या व्यवसायात सध्या चार ओळी लिहून दिल्या की यंत्र चित्र काढून देतं, चलचित्रही करून देतं. ते वाईट आहे असं मी म्हणणार नाही, माझा पगार त्याच जगातून येतो. पण ती नोंद वाचताना थिएटरमधलं कोणी उठत नव्हतं, हे मी पाहिलं.

या चित्रपटाने आन्सीचा सर्वोच्च पुरस्कार पुन्हा मिळवला. लंडन महोत्सवातल्या मुख्य स्पर्धेत सर्वोत्कृष्ट ठरलेला तो पहिला अ‍ॅनिमेशनपट. २०२५च्या ऑस्करसाठी नामांकन मिळालं, पण पुरस्कार गेला लॅटव्हियातल्या ‘फ्लो’ला. तोही छोट्या चमूचा आणि स्वतंत्र चित्रपट, त्यामुळे एलियटच्या चाहत्यांनाही फार वाईट वाटलं नसावं.

आता बेरीज करू. सहा, चार, आठ, तेवीस, ब्याण्णव, वीस आणि चौऱ्याण्णव. सात चित्रपट, एकूण २४७ मिनिटं. १९९६ ते २०२४ या अठ्ठावीस वर्षांत चार तास आणि वर सात मिनिटं. कंपनीत वर्षअखेरीला कामाचं मूल्यमापन होतं, तिथे हा आकडा ठेवला तर कोणीही नापास करेल. पण ते चार तास पूर्णपणे त्याचे आहेत. त्याने त्याच्या मापाबाहेर स्टुडिओ वाढवला नाही, म्हणून तो कोणाला विकावा लागला नाही. मला वाटतं, स्वतंत्र या शब्दाचा अर्थ इथे मनाला येईल तसं वागणं असा नसून आपल्याला झेपेल एवढंच घेणं आणि ते मात्र कोणाच्या हाती न देणं असा आहे. त्याची किंमतही त्याने मोजली. पंधरा वर्षांची ती मधली दरी त्या किमतीचाच भाग.

आपण सगळे आता पंचेचाळिशीच्या आसपास आहोत. स्नेहसंमेलनात कोण कुठे पोहोचलं याची बेरीज मनातल्या मनात होणारच. कोणी शेती सांभाळतं आहे, कोणी दुकान, कोणी आईवडिलांचं आजारपण, कोणी आपल्यासारख्याच वर्गांना शिकवतं आहे. त्या बेरजेत मिनिटं कमी भरली तरी ती कोणाची आहेत हेही बघावं, एवढंच मला सुचवायचं आहे. आणि गुरुजनांना एक विनंती. दहावीच्या वर्षी कार्यानुभवाचा आणि चित्रकलेचा तास गणिताला दिला जातो, ही जुनी रीत आहे. हार्बट गुरुजींची माती आणि मेलबर्नच्या शिक्षकांची ती एक सूचना आठवून, जमल्यास एखादा तास परत द्यावा.

तीन छोटे, तीन मध्यम आणि तीन पूर्ण लांबीचे, असे नऊ चित्रपट करायचे हे एलियटने फार पूर्वीच ठरवून ठेवलं आहे. सात झाले, दोन राहिले. त्याच्या वेगाने बघितलं तर ते पूर्ण होईपर्यंत आपण साठीला टेकलेलो असू. तोवर सुरुवात करायची असेल तर ‘हार्वी क्रम्पेट’पासून करा, २३ मिनिटांचंच काम आहे. ‘मेरी अँड मॅक्स’ लहान मुलांना बरोबर घेऊन बघू नका. आधी एकट्याने बघा, आणि बघून झाल्यावर खूप दिवसांत बोलणं न झालेल्या कोणाला तरी पत्र लिहा. या स्मरणिकेच्या शेवटी सगळ्यांचे पत्ते दिलेलेच आहेत.